फोटो डीव्हीडीवर नीट कसे ठेवायचे

आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे सगळे फोटो एकाच हार्डडिस्कवर होते आणि ती एक दिवस टकटक करून बंदच पडली, तेव्हापासून मी जपायचे फोटो डिस्कवरही टाकतोच.

आधी फोटो निवडा, हललेले-धूसर उडवा, मग वर्ष-महिना-प्रसंग असे फोल्डर करा, म्हणजे २०१९-०९-गणपती वगैरे. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं पण कॉम्प्युटर ते ४.३७ च्या आसपास दाखवतो, त्यामुळे एका डिस्कला ४ जीबीच धरा. फोटो खूपच असतील तर २५ जीबीची ब्लू-रे घ्या, पण त्याला रायटरही (डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह) ब्लू-रेचाच लागतो.

डिस्क डीव्हीडी-आर घ्या, आरडब्ल्यू नको, ती पुसता येते म्हणून बरी वाटते पण जपून ठेवायला ती नाही. बर्न करताना, म्हणजे डिस्कवर फाइली लिहिताना, स्पीड मध्यम ठेवा, ८एक्स वगैरे, आणि तेव्हा कॉम्प्युटरवर दुसरं काही चालवू नका. आणि व्हेरिफायवर (लिहिलेलं नीट वाचता येतं का ते तपासणं) टिक कराच कराच! वेळ दुप्पट लागतो, लागू दे, कारण ‘बर्न झालं’ असा मेसेज येऊनही एखादी फाइल उघडत नाही असं होतं. झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फोटो उघडून बघा.

नाव डिस्कसाठीच्या मार्करनेच लिहा, बॉलपेनने चरा पडतो, स्टिकर तर नकोच. कव्हरमध्ये उभी ठेवा, उन्हापासून आणि पावसाळ्यातल्या ओलीपासून लांब. दुसरी कॉपी बहिणीकडे किंवा गावी द्या, आणि दोन-तीन वर्षांनी सगळ्या डिस्क एकदा लावून बघा, वाचायला अडखळली की लगेच नवीन बर्न करा.