इंग्लंडमधील ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळांवर चित्रीकरण कसे करावे

इंग्लंडमधील जुनी खानदानी घरे, किल्ले, कॅथेड्रल, बागा आणि समुद्रकिनारे मोठ्या संख्येने चित्रीकरणासाठी रीतसर भाड्याने मिळतात आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मोठ्या संस्थांकडे या कामासाठी स्वतंत्र विभागही असतात. खरी अडचण पुढे येते. जागा मिळाली तरी आपल्याला हवा असलेला प्रसंग तिथे कितपत करू देतील, हे त्या वास्तूत काय जपले जात आहे यावर ठरते. म्हणून आधी छायाचित्रे पाहून जागेच्या प्रेमात पडण्याऐवजी ती कोणाच्या ताब्यात आहे आणि तिथे नाजूक काय आहे, हे दोन प्रश्न विचारावेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नसते. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टकडे घरे आणि बागांबरोबरच किनारपट्टी आणि डोंगराळ जमीनही आहे. विल्टशायरमधील लेकॉक हे जवळजवळ संपूर्ण गाव ट्रस्टच्या मालकीचे असल्यामुळे जुन्या काळातील रस्त्याची दृश्ये घेण्यासाठी ते वर्षानुवर्षे वापरले जाते. स्टोनहेंज, डोव्हर कॅसल, व्हिटबी ॲबी अशी ४०० हून अधिक स्थळे इंग्लिश हेरिटेज ही धर्मादाय संस्था सांभाळते. नावातील साम्यामुळे अनेक जण आपला अर्ज हिस्टॉरिक इंग्लंडकडे पाठवतात. परंतु २०१५ पासून या दोन संस्था वेगळ्या आहेत आणि हिस्टॉरिक इंग्लंडचे काम संरक्षित वास्तूंची नोंद ठेवणे व त्यांविषयी सल्ला देणे हे आहे. हायक्लेअर कॅसल किंवा कॅसल हॉवर्ड यांसारखी घरे खाजगी कुटुंबांकडे असून तिथे बोलणी थेट इस्टेटच्या कार्यालयाशी होतात. चर्च आणि कॅथेड्रलचे व्यवस्थापन प्रसंगाचा आशय वाचूनच निर्णय घेते. ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाला वेस्टमिन्स्टर ॲबीने नकार दिला आणि ॲबीत घडणारे प्रसंग २००५ मध्ये लिंकन कॅथेड्रलमध्ये चित्रित झाले, हे उदाहरण धार्मिक वास्तू निवडणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने लक्षात ठेवावे. रस्ते आणि चौकांसाठी त्या त्या नगरपालिकेचे किंवा शहराचे फिल्म ऑफिस असते. बाथ, ब्रिस्टल आणि लिव्हरपूल येथील कार्यालये या कामात मुरलेली आहेत, तर राजधानीसाठी फिल्म लंडन ही संस्था मार्गदर्शन करते.

निसर्गस्थळांबाबत आपल्याकडील युनिटांचा हमखास गैरसमज होतो. लेक डिस्ट्रिक्ट किंवा पीक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे म्हणजे सगळी जमीन सरकारी असावी, असे वाटते. प्रत्यक्षात या उद्यानांतील बरीचशी जमीन शेतकरी, खाजगी इस्टेटी आणि ट्रस्ट यांच्या मालकीची असते. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील डर्डल डोर ही प्रसिद्ध दगडी कमानसुद्धा लुलवर्थ इस्टेट या खाजगी इस्टेटीत येते. सार्वजनिक पायवाट चालण्यासाठी आहे, कॅमेरा लावून काम करण्यासाठी नाही. मोकळ्या माळरानावर पायी हिंडण्याचा हक्क देणाऱ्या २००० सालच्या कायद्यातही व्यावसायिक हेतूने केलेल्या कामाला तो हक्क लागू होत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे तीन कलाकार आणि एक कॅमेरा एवढेच युनिट असले तरी जमीनमालकाची लेखी परवानगी घ्यावी. वाहने उभी करण्याचे शेत दुसऱ्या मालकाचे असेल, तर तीही परवानगी वेगळी लागते.

यानंतर पटकथा हातात घेऊन प्रत्येक प्रसंगाला खरोखर ती विशिष्ट वास्तू हवी आहे का, हे तपासावे. इंग्लंडमध्ये एका जागेच्या ठिकाणी दुसरी दाखवण्याची परंपरा जुनी आहे. बीबीसीच्या १९९५ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेतील पेंबर्ली या नायकाच्या घराचा दर्शनी भाग चेशरमधील लाइम या खानदानी घरी, तर आतील दालने डर्बीशायरमधील सडबरी हॉलमध्ये चित्रित झाली. करण जोहर यांच्या ‘कभी खुशी कभी गम’मधील दिल्लीचे रायचंद निवास बाहेरून बकिंगहॅमशायरमधील वॉड्सडन मॅनर आहे आणि आतून मुंबईत उभारलेला सेट. हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: मूळ वास्तूत दर्शनी भाग, जिना, बाग आणि दारातून आत येणारी पावले घ्यावीत, जेवणाचे टेबल, भांडण आणि गाणे सेटवर करावे. एकोणिसाव्या शतकातील कामगार वस्ती हवी असेल, तर चॅटमची ऐतिहासिक गोदी किंवा डडलीचे ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम यांना चित्रीकरणाची सवय आहे आणि तिथे एखाद्या महालाइतकी नाजूक सजावटही सांभाळावी लागत नाही.

अर्जात कथेचा गौरव लिहून उपयोग नसतो. वास्तूच्या व्यवस्थापकाला हवे असते ते असे: कोणते दालन, कोणत्या तारखा, किती तास, कॅमेऱ्यामागे आणि पुढे मिळून किती माणसे, किती गाड्या आणि त्यांचे वजन, जनरेटर कुठे उभा राहील, कोणते दिवे, कोणत्या हालचाली, आणि धूर, पाणी, प्राणी, आग किंवा शस्त्रे यांपैकी काय काय आहे. सोबत जोखीम-मूल्यांकनाचे कागद आणि सार्वजनिक दायित्व विम्याचे प्रमाणपत्र जोडावे; हा विमा ५० लाख पौंडांचा किंवा त्याहून अधिक मागणे ही तिथली सर्वसाधारण पद्धत आहे. भिंतीत खिळा मारणे, दार काढणे किंवा रंग बदलणे असे काही योजले असेल, तर संरक्षित इमारतीसाठी स्थानिक नियोजन विभागाची वेगळी संमती लागू शकते. तिच्या निर्णयाची मुदत साधारणपणे ८ आठवडे असते, आणि संमतीशिवाय असे काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. तात्पुरते आहे, नंतर पूर्ववत करू, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. कलादिग्दर्शकाला रेकीच्या, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीच्या, वेळीच सोबत न्यावे, म्हणजे वास्तूला हात न लावता आपल्या आधारावर उभी राहणारी सजावट करता येते.

दालनाच्या आत सर्वांत कडक नियम उजेडाचे असतात. जुनी वस्त्रे, भिंतीवरील विणलेली चित्रे आणि जलरंग यांवर पडणारा उजेड साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ठेवण्याचा संग्रहालयांचा दंडक आहे, आणि चित्रीकरणाचे दिवे त्याच्या कितीतरी पट तीव्र असतात. रंगाची हानी उजेडाची तीव्रता आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असल्यामुळे आणि ती भरून निघत नसल्यामुळे, व्यवस्थापक दिवे किती मिनिटे चालू होते याचा हिशेब ठेवतात, नाजूक वस्तू झाकतात किंवा हलवतात आणि तालमीच्या वेळी दिवे बंद ठेवायला लावतात. छायादिग्दर्शकाने हे आधीच मान्य करून कमी उष्णतेचे एलईडी दिवे आणि कमी उजेडात चांगले काम करणारा कॅमेरा निवडला, तर निम्मी कटकट वाचते. स्टँड आणि ट्रायपॉडच्या पायांखाली गालिचाचे तुकडे किंवा टेनिसचे चेंडू बसवतात. जुन्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर एका वेळी किती माणसे उभी राहतील याला मर्यादा असते. रंगवलेल्या किंवा मुलामा दिलेल्या पृष्ठभागावर गॅफर टेप (तारा वगैरे चिकटवण्याची कापडी पट्टी) चालत नाही. चहा-जेवण बाहेरच्या तंबूत करावे लागते. दालनातील खुर्ची आपल्या माणसाने सरकवायची नाही, ती तिथला कर्मचारीच सरकवतो. हा नियम स्पॉटदादांपासून नायकापर्यंत सर्वांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.

आपल्या चित्रपटांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग लग्न, पूजा आणि सणांच्या प्रसंगांचा आहे. अशा दालनांत उघडी ज्योत सहसा मिळत नाही, म्हणून समई आणि निरांजनात बॅटरीवरचे दिवे ठेवण्याची तयारी करावी. हळद, कुंकू आणि गुलाल यांचे डाग चुनखडीच्या दगडातून आणि जुन्या कापडातून निघणे कठीण असते. ताज्या फुलांबरोबर किडे आणि पाणी आत येते. सांडलेल्या अक्षता उंदरांना आमंत्रण देतात. रंगांचा प्रसंग बाहेर गवतावर मागून पाहावा, तिथेही आधी नमुना देऊन. मुहूर्ताचा नारळ मात्र अठराव्या शतकातील पायरीवर फोडायचा नाही, एवढे निर्मात्याने स्वतः पाहावे.

बाहेरच्या कामात ऋतू आणि कायदा यांचा एकत्र विचार करावा लागतो. जूनमध्ये लंडनच्या अक्षांशावर पहाटे पावणेपाचच्या सुमारास उजाडते आणि रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच दिवस संपतो. मात्र उन्हाळा हा पर्यटकांचाही हंगाम असल्याने लोकप्रिय स्थळी काम बहुधा दरवाजे उघडण्याच्या आधी किंवा बंद झाल्यावर मिळते. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. पक्ष्यांची वापरातील घरटी आणि वटवाघळांची वसतिस्थाने कायद्याने संरक्षित आहेत, आणि जुनी छपरे व चर्चचे माळे ही वटवाघळांची आवडती जागा असल्यामुळे रात्रीच्या प्रखर दिव्यांना नकार मिळू शकतो. विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या भूभागांत नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेची संमतीही लागू शकते. ड्रोन उडवण्यासाठी हवाई वाहतूक प्राधिकरणाची नोंदणी पुरेशी नाही. जमीनमालकाचाही होकार हवा, आणि नॅशनल ट्रस्ट आपल्या जागांवर पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवू देत नाही.

भारतातून जाणाऱ्या युनिटने दोन कागद वेळेत हाती घ्यावेत. भारतीय कंपनीने निर्माण केलेल्या आणि ब्रिटनबाहेरील पैशांतून होणाऱ्या चित्रपटाच्या बाह्यचित्रीकरणासाठी त्या कंपनीत नोकरीवर असलेले कलाकार व तंत्रज्ञ व्हिजिटर व्हिसावर जाऊ शकतात. ब्रिटनमधील निर्मितीसाठी काम करायचे असेल तर व्हिसाचा प्रकार बदलतो. कॅमेरे आणि लेन्स तात्पुरते नेण्यासाठी एटीए कार्नेट हे सीमाशुल्काचे कागदपत्र घ्यावे, जे भारतात फिक्की ही उद्योगांची संघटना देते. त्यातील यादीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक बिनचूक असावा, कारण परतताना तीच यादी सीमाशुल्क अधिकारी पडताळतात.

करारात भाड्याखेरीज देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन, वास्तू पर्यटकांसाठी बंद ठेवल्याची भरपाई, ठरलेल्या वेळेपलीकडील तासांचा दर आणि अनामत रक्कम यांची नोंद असते. हे आकडे एकत्र करूनच दोन जागांची तुलना करावी, नाहीतर स्वस्त वाटलेले घर महाग पडते. भिंतीवरील चित्र उसने आणलेले असेल किंवा चित्रकाराच्या निधनाला ७० वर्षे झाली नसतील, तर ते पडद्यावर दिसण्यासाठी वेगळी संमती विचारावी. पहिला दिवा आत जाण्यापूर्वी प्रत्येक दालनाची तारीखवार छायाचित्रे व्यवस्थापकासमवेत काढावीत आणि पॅकअपनंतर त्याच कोनांतून पुन्हा काढून दोघांनी सही करावी. अनामत परत मिळताना याच कागदांचा आधार घेतला जातो. श्रेयनामावलीत वास्तूचे नाव कोणत्या शब्दांत द्यायचे, किंवा मालकाला ते नकोच आहे का, हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावे.