सहकारी साखर कारखान्याच्या अहवालातून समाजवाद कसा तपासावा

समाजवाद अर्थव्यवस्था म्हणून चालतो का, हा वाद सोव्हिएत संघापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला त्याची पडताळणी घरबसल्या करता येते, कारण सामुदायिक मालकीचा एक प्रयोग त्याच्या शेजारीच चालू आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने 1950 साली गाळप सुरू केले. ही सरकारी मालकी नव्हे. पण शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच, हे तत्त्व समाजवादाच्या गाभ्याचेच आहे.

कारखान्याचा वार्षिक अहवाल हाती आला की आधी उसाचा दर काढावा. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) उसाच्या क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर, आहे आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. म्हणजे उतारा 11.25 टक्के असेल, तर टनाला 3,896 रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. बी-हेवी मळीपासून (जिच्यात काही साखर शिल्लक ठेवलेली असते) इथेनॉल केले असेल, तर त्यामुळे घटलेला उतारा हिशेबात मिळवून घ्यावा. एफआरपी खासगी कारखान्यालाही बंधनकारक असल्यामुळे सहकाराची खरी परीक्षा त्यावर किती दिले आणि बिल 14 दिवसांत मिळाले का, यात आहे.

त्यानंतर ताळेबंदातील कर्जे आणि संचित तोटा पाहावा. माझ्या मते सारा प्रश्न इथेच येऊन ठेपतो. शासनाच्या थकहमीवर, म्हणजे कर्ज थकले तर ते शासन फेडेल या हमीवर, कर्ज उचलता आले, की चुकीच्या विस्ताराची झळ तो ठरवणाऱ्यांना बसत नाही. सोव्हिएत कारखानेही तोट्यात गेले म्हणून सहसा बंद पडत नसत आणि त्यामुळेच तिथे उधळपट्टीला आळा बसला नाही. मालकी सामुदायिक असणे हा दोष नव्हे. नफा सभासदांचा आणि तोटा करदात्यांचा, अशी वाटणी झाली की ती मालकी केवळ कागदावर उरते.

शेवटी लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यांवर काय दुरुस्ती केली हे सांगणारा दोषदुरुस्ती अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. तोच शेरा सलग तीन वर्षे दिसला, तर वार्षिक सभेच्या आधी प्रश्न लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी आपला प्रश्न व त्याचे उत्तर त्यात नोंदले आहे का, हे पाहावे.