क्राइम मालिकेचा एपिसोड पारखताना या चुका टाळा

"खुनी कोण ते मला दहाव्या मिनिटालाच कळलं होतं," असं म्हणून काका उठले की आमच्या घरात एपिसोड नापास होतो. बरीच वर्षं मीही असंच मोजायचो. पण खुनी ओळखता आला म्हणजे एपिसोड फसला, असं नसतं. १९७१ साली सुरू झालेल्या 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेत बहुतेक वेळा खून आणि खुनी सुरुवातीलाच दिसतात. तरी लोक शेवटपर्यंत बघतात, कारण तो पकडला कसा जातो हे बघायचं असतं. तेव्हा तपासाची साखळी बघा. शेवटी ज्या धाग्यावरून उलगडा झाला, तो आधी आपल्याला दाखवला होता का? ऐनवेळी खिशातून काढला असेल, तर तो दोष खरा.

सगळ्यात मोठी चूक कबुलीला भुलण्याची. अधिकारी आवाज चढवतो, आरोपी रडत सगळं सांगतो, मागे संगीत वाजतं आणि आपण टाळ्या वाजवतो. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध न्यायालयात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. मात्र आरोपीने सांगितल्यावरून विहिरीतून कोयता निघाला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला जबाबाचा भाग चालतो. म्हणून जाणता लेखक रडारडीवर थांबत नाही. तो विहिरीपर्यंत जातो, पंच उभे करतो, पंचनामा लिहून घेतो. असा प्रसंग संथ वाटला तरी त्याला गुण द्या. केस उभी राहते ती तिथंच.

डॉक्टरने मृतदेहाकडे बघून "मृत्यू रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी" असं सांगितलं, तर ती उणीव लिहून ठेवा. देह ताठरण्यावरून वेळेचा अंदाज बांधता येतो, पण तो काही तासांच्या पट्ट्यातला असतो. शिवाय उष्णतेत ताठरणंही लवकर येतं आणि कुजणंही. मे महिन्यातल्या सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. तिथला मृतदेह थंड हवेतल्यासारखाच मोजला, तर लेखकाने उन्हाचा विचारच केला नाही असं समजा.

गावाचं नाव पाटीवर झळकलं की आपण खूश होतो, तीही चूकच. चार हुतात्मा पुतळे, सिद्धेश्वर तलाव, चादरीचं दुकान दाखवलं म्हणजे सोलापूर आलं असं नाही. एका एपिसोडमध्ये चालू यंत्रमागांच्या मधोमध दोघं कुजबुजत कट रचताना पाहिले. मागाच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं, नाहीतर खुणा कराव्या लागतात. हे दाखवलं असतं तर तोच आवाज तपासात कामाला आला असता: किंकाळी कुणालाच का ऐकू आली नाही? सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत आजही तेलुगू बोलतात आणि गल्लीतली पोरं "काय करायलास बे" म्हणतात. पात्रं मात्र पुण्याचं बोलत होती. आई म्हणाली, "ही आपल्याकडची माणसं नव्हेत."

अभिनय आणि कॅमेरा यांवर बहुतेकजण बरोबर बोलतात. फक्त एपिसोड पाहताना हातात मोबाईल नको, नाहीतर निसटलेला धागा लेखकाची चूक वाटतो.

आणि मेलेल्या माणसाला विसरू नका. पुष्कळ एपिसोडांत तो खडूच्या रेघेतला आकार असतो, नाव दुसऱ्या प्रसंगात संपतं. वर सांगितलेल्या त्याच एपिसोडमध्ये मात्र एक जागा फार चांगली होती. हवालदार जबाब घ्यायला येतो, तेव्हा मयताची आई त्याच्या पुढ्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा ठेवते. मुलगा रात्रपाळीला नेणार होता तो. हवालदार डबा उघडत नाही, वहीही उघडत नाही. त्या एका प्रसंगासाठी मी तो एपिसोड दुसऱ्यांदा पाहिला.