दुरुस्तीला देण्याआधी आजोबांच्या घड्याळाचे फोटो

आमचे आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांचं चावीचं एचएमटी जनता आता माझ्याकडे, बेळगावात शहापूरला आहे. मामांचं असंच घड्याळ आम्ही एकदा दुरुस्तीला दिलं. चालू होऊन आलं खरं, पण तबकडी नव्यानं रंगवून! आधीची पिवळसर पडलेली तबकडी दाखवायला घरात एक फोटो नव्हता. १९६१ साली बेंगळुरूला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ कारखाना आता बंद आहे. मूळ तबकडी गेली की गेलीच. म्हणून घड्याळजीकडे जायच्या आधी फोटो काढा.

घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका. काचेला टूथपेस्ट तर नकोच. चष्म्याच्या फडक्यानं बोटांचे ठसे टिपले की पुरे.

मी सकाळी नऊच्या सुमाराला पडवीत बसतो. ऊन थेट पडू द्यायचं नाही. खिडकीला आजोबांचंच जुनं पांढरं धोतर लावलं की उजेड मऊ होतो. घड्याळाखाली आजीच्या सुती लुगड्याचा तुकडा घेतो, पण जरीचा काठ बाहेर ठेवून, कारण जर चमकते आणि नजर तिकडे जाते. फ्लॅश बंद.

खरा त्रास काचेचा. ती फुगीर असते, त्यामुळे फोन, आपला हात, वरची कौलं सगळं तीत दिसतं. काळ्या पुठ्ठ्याला कॅमेऱ्याएवढं भोक पाडा आणि त्यातून फोटो घ्या. तरीही चकाकी राहिली तर घड्याळाच्या एका बाजूखाली काडेपेटी सरकवा. एवढ्याशा तिरकेपणानं ती निघून जाते. फोन अगदी जवळ नेऊ नका, आकार बिघडतो. वीतभर लांब धरून दुप्पट झूम करा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस पक्का करा, उजेड थोडा कमी करा. फोन दोन डब्यांवर टेकवून टायमर लावला की हात हलायचा प्रश्नच नाही.

काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवायची रीत आहे, त्यानं बाराखालचं नाव मोकळं राहतं. तसा एक फोटो घ्याच. मी दुसरा साडेआठचा घेतला. आजोबा त्या वेळेला वखारीत जायला निघत.

मागच्या झाकणावरची अक्षरं झिजलेली असतात. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा, सावलीमुळे आकडे उठून दिसतात. झाकण स्वतः उघडू नका. घड्याळजी उघडेल तेव्हा आतल्या यंत्राचा फोटो त्याच्या समोरच घ्या.

पट्ट्याचाही घ्या. आमच्या पट्ट्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालंय, बाकीची कोरी गोल आहेत. आजोबांचं मनगट तेवढंच होतं. नवा पट्टा लावताना जुना परत मागून घ्या, आणि झाकणावरचा नंबर पावतीवर लिहून घ्या.