तीन दिवसांची मुदत, दोन मिनिटांची चाल

पत्रोपत्री बुद्धिबळ आता पत्रांनी क्वचितच खेळतात. संकेतस्थळावर चाल टाकायची, पुढच्याला उत्तराला तीन दिवस. माझा पहिला असा डाव लागला सांगलीच्या एका काकांशी. त्यांचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १६५०, माझं १२५०. ४०० चा फरक म्हणजे हिशेबाने १० डावांत आपल्या पदरात जेमतेम एक गुण. पण विचाराला एवढा वेळ मिळतोय, तर भरून काढू, असं मला वाटलं.

तो वेळ मी वापरलाच नाही. काकांचा घोडा जी५ या घरावर आला, मी डी५ प्यादं पुढे केलं, त्यांनी ते मारलं आणि मी बसमधून उतरता उतरता घोड्याने परत मारलं. पुढच्याच चालीला त्यांनी एफ७ वर घोडा दिला. राजाने तो घेतला, तर वजिराचा एफ३ वरून शह. राजा जी८ ला नेला तर डी५ वर उंटाची मार आणि तीन चालींत मात. म्हणून राजा ई६ वर, पटाच्या ऐन मध्यात. आता मात्र मी तीन दिवस डोकं धरून बसलो! या हल्ल्याला फ्राइड लिव्हर म्हणतात. डी५ वरचं प्यादं न मारता दुसरा घोडा ए५ ला न्यायचा, हे ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, साध्या पुस्तकातही असतं. आणि या खेळात पुस्तक उघडायला मुभा असते, हेच मला माहीत नव्हतं.

तेव्हा नियम आधी वाचा. पुस्तक, जुन्या डावांचा डेटाबेस, पट मांडून सोंगट्या हलवून बघणं सहसा चालतं. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम, नेहमीच्या संकेतस्थळांवर चालत नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या आयसीसीएफ या पत्रोपत्री बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत मात्र चालतं.

काका प्रत्येक डावाला वहीचं एक पान देतात : आपला बेत काय, धास्ती कशाची. मी एका वेळी १२ डाव घेतले होते. कुठल्या पटावर काय ठरवलं होतं, आठवेना. सुरुवातीला तीन पुरे. (त्यांच्या जुन्या पोस्टकार्डांवर नुसते आकडे दिसतात : ५२५४ म्हणजे ई२ वरून ई४, कारण ई हा पाचवा स्तंभ. भाषेची अडचण नको म्हणून.)

डाव संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, ते प्यादं काय पळून जात होतं का?"

सध्या दुसरा डाव चालू आहे. घोडा ए५ वर आहे, मी एक प्यादं मागे आहे, आणि काकांना आठव्या चालीला अडीच दिवस लागलेत.