गॅमा रेडिओग्राफी: 'मीटर खराब झालाय' आणि 'सकाळी कळवू', या दोन चुका आधी टाळा

तळोजा, रबाळे, महापे या पट्ट्यात मी बावीस वर्षं इंडस्ट्रियल रेडिओग्राफी करतोय, त्यातली चौदा आरएसओ, म्हणजे रेडिएशन सुरक्षा अधिकारी म्हणून. वेल्डिंगच्या जोडात आत कुठे पोकळी किंवा भेग राहिली आहे का, हे इरिडियम-१९२च्या गॅमा किरणांनी फिल्मवर बघायचं, हे आमचं काम. इरिडियमच्या त्या छोट्या किरणोत्सर्गी तुकड्याला आम्ही सोर्स म्हणतो, तो ज्या जड कवचात असतो त्याला कॅमेरा, आणि रेडिएशन मोजायच्या यंत्राला मीटर. आपल्याकडे रेडिएशन म्हटलं की लोकांना तारापूरचं अणुवीज केंद्र आठवतं. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे ते साहजिक आहे. पण सोर्स घेऊन रात्रीच्या जॉबला निघालेली आमची गाडी ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलला तुमच्या शेजारीच उभी असते, आणि तारापूरवर नजर ठेवणारी एईआरबी, म्हणजे अणुऊर्जेची सरकारी नियामक संस्थाच आमच्यावरही नजर ठेवते. दर वर्षी नवी मुलं येतात आणि दर वर्षी त्याच चुका करतात. त्या बघून आता खरंच जीव थकलाय.

'मीटर खराब झालाय'

शॉटसाठी, म्हणजे एका फिल्मच्या एक्स्पोजरसाठी, क्रँक फिरवून केबलने सोर्स कॅमेऱ्यातून बाहेर, गाइड ट्यूब नावाच्या नळीतून जोडापर्यंत ढकलायचा असतो. शॉट संपतो, पोरगा क्रँक उलटा फिरवतो, फेरे मोजतो. आकडा बरोबर आला की सोर्स कॅमेऱ्यात आला असं धरून सरळ चालू लागतो. अरे, फेऱ्यांवरून फक्त केबल परत आली एवढंच कळतं. पिगटेल, म्हणजे सोर्स ज्याच्या टोकाला बसवलेला असतो ती छोटी शेपटी, केबलपासून सुटली असेल तर केबल एकटीच मागे येते आणि सोर्स गाइड ट्यूबच्या टोकाला पाइपला टेकून तसाच राहतो. ३० क्युरी ताकदीचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर उभ्या माणसाला साधारण आठ मिनिटांत २० मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. आम्हा रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी तेवढीच मर्यादा आहे. दहा सेंटिमीटरवर तेवढाच डोस पाच सेकंदांत मिळतो. आणि त्या पाच सेकंदांत चटका नाही, वास नाही, आवाज नाही. सोर्स हातात धरला असेल तर हात भाजल्याचं दिसतं तेही काही दिवसांनी.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तळोज्यात एका कारखान्याच्या आवारात पाइपलाइनच्या जोडांचं काम चालू होतं. जुलै महिना, धो धो पाऊस. रात्री अडीचला फोन आला. ट्रेनी होता. म्हणाला, "सर, मीटर खराब झालाय. काटा एकदम टोकाला जाऊन चिकटलाय. सेल काढून परत घातले, तरी तसंच." मी विचारलं, "कॅमेऱ्यापासून लांब जाऊन बघितलंस का? काटा खाली येतो का?" पलीकडून काही क्षण फक्त पावसाचा आवाज. मग, "हो सर. मागे गेलं की उतरतो."

म्हणजे मीटर चोख काम करत होता. सोर्स बाहेर होता.

तोवर एक हेल्पर पुढची फिल्म लावायला निघालासुद्धा होता. जुन्या रेडिओग्राफरने ओरडून त्याला थांबवलं तेव्हा तो पाइपपासून चारेक मीटरवर होता. हातात फिल्मची कॅसेट, डोक्यावर प्लास्टिकची गोणी. आणखी दहा पावलं गेला असता तर त्याने गाइड ट्यूब स्वतःच्या हाताने सोडवली असती. ही चार मीटरची जागा मी पुढे प्रत्येक बॅचला टेपने मोजून दाखवत आलोय.

कोपरखैरण्याहून मी साडेतीनला पोचलो. पहिलं काम कॉर्डन, म्हणजे लोकांना अडवणारी दोरीची हद्द, लांब नेणं, दुसरं काम दोन माणसं वाटेवर उभी करणं. त्यानंतर शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या लांबून गाइड ट्यूबच्या टोकावर सरकवल्या आणि थांबलो. बाकीचं काम उजाडल्यावर, सरावाच्या माणसांनी, लांब दांड्याच्या चिमट्याने आणि शिशाचा डबा जवळ ठेवून केलं. नवीन पोरांना इथेच हात शिवशिवतात. सोर्स पाच मिनिटांत आत ढकलून मोकळं व्हावंसं वाटतं. त्या पाच मिनिटांत बोटं जातात. कॉर्डनबाहेर थांबलात तर रात्रभर थांबूनही कुणाचं काही बिघडत नाही.

मागाहून कारण सापडलं ते अगदी साधं. केबल आणि पिगटेलचा जोड झिजला होता. गो-नोगो गेज, म्हणजे झीज ओळखायचं माप, लावून तो रोज तपासायचा असतो. गेज पेटीतच होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं.

माझी सवय सांगतो. प्रत्येक शॉटनंतर मीटर हातात धरून, काट्याकडे बघत कॅमेऱ्याकडे जायचं. आधी कॅमेरा चारही बाजूंनी, मग गाइड ट्यूब टोकापर्यंत. यालाच सर्व्हे म्हणतात. बाविसाव्या शॉटलाही, पहाटे चारलाही. साइटवर दुसरा चालू मीटर नसेल तर मी जॉब सुरूच करू देत नाही. वेळ जातो म्हणून लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

'सकाळी कळवू'

त्याच रात्री दुसरी चूक झाली, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त लागली. साइट इनचार्ज मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, सोर्स आत गेला की मग बघू. आत्ता कळवलं तर काम बंद पडेल." मी कळवलं. २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांप्रमाणे सोर्सला अपघात झाला किंवा सोर्स हरवला तर मालकाने २४ तासांच्या आत एईआरबीला कळवायचं असतं. हे २४ तास विचार करायला दिलेले नाहीत, ती शेवटची हद्द आहे. पहिल्या निरोपात कारण लागत नाही. काय झालं, कुठे, किती वाजता, कोणता सोर्स, किती क्युरी, माणसं कुठे होती, आत्ता कॉर्डन कुठे आहे, एवढं पुरे. अणुवीज केंद्रातही आधी सूचना जाते, सविस्तर अहवाल नंतर होतो. सगळी माहिती हाती आल्यावरच कळवू म्हणणाऱ्याच्या हाती ती कधीच पूर्ण येत नाही.

पण खरा घोटाळा लॉगबुकात झाला. दोन दिवसांनी चौकशीला अधिकारी आले. वाशीचा पूल ओलांडला की अणुशक्तीनगर, त्यांना यायला किती वेळ लागतो! त्यांनी लॉगबुक उघडलं. आधीच्या पानांवर शाई पसरलेली, कोपरे फुगलेले, एका पानावर ओल्या अंगठ्याचा ठसा. घटनेच्या रात्रीचं पान मात्र इस्त्री केल्यासारखं. एकच पेन, एकच हात, आणि प्रत्येक शॉटपुढे 'सर्व्हे केला'. अधिकाऱ्यांनी पानावरून नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "त्या रात्री इथे पाऊस नव्हता का?"

कुणीच बोललं नाही. सोर्स सुटण्याची तांत्रिक बाजू तासाभरात सांगून झाली होती, त्यांनी ती नीट ऐकूनही घेतली. त्या एका पानाची उत्तरं देण्यात कंपनीचे पाच महिने गेले आणि तेवढे दिवस काम बंद राहिलं. ट्रेनीला ते पान लिहायला सांगणारा माणूस वेगळाच होता, पण सही ट्रेनीची होती. पोरगं तेवीस वर्षांचं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. लॉगबुकात चूक झाली तर एक रेघ मारा, शेजारी खरं लिहा, सही करा. पान फाडू नका.

घटना लहान वाटली म्हणून दाबणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पेरूमध्ये यानांगो इथे १९९९ साली सुटलेला इरिडियमचा सोर्स एका वेल्डरने उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला. तो खेळण्यातल्या तुकड्यासारखा दिसतो, त्याला काय माहीत! त्याचा पाय कापावा लागला. दुसरी आपल्याच देशातली. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाचं जुनं कोबाल्ट-६०चं यंत्र भंगारात गेलं आणि एका माणसाचा जीव गेला. घटना मोजायच्या आंतरराष्ट्रीय शून्य ते सात पातळ्यांमध्ये तिला चौथी पातळी मिळाली. नरोरा अणुवीज केंद्रातल्या १९९३च्या आगीला तिसरी मिळाली होती.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टीएलडी बॅज, म्हणजे तुम्हाला मिळालेला डोस नोंदवणारा बिल्ला, कॅमेऱ्याच्या पेटीवर ठेवून चहाला जाऊ नका. तो छातीवर हवा. पेटीवर राहिलेला बॅज तुमच्या नावावर डोस जमवतो आणि चौकशी तुमची होते. मी शिफ्ट संपली की सगळ्यांचे बॅज स्वतः गोळा करून तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल बॅजशेजारी टांगतो, सोर्स ठेवायच्या खड्ड्यापासून लांब. आणि मित्राचा बॅज लावणारा मुलगा माझ्याकडे दुसऱ्या दिवशी नसतो.

टीएलडी वाजत नाही. तो काय सांगायचं ते मागाहून सांगतो. त्या क्षणी सांगणारा डोसिमीटर खिशात हवा.

फिल्म कोरी निघाली की डेव्हलपरला दोष देण्याआधी मीटर घेऊन साइटवर जा. सोर्स वाटेतच अडकलेला असू शकतो.

मीटरवरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरची तारीख जॉबला निघण्यापूर्वी वाचा, साइटवर पोचल्यावर नाही.

इरिडियम साधारण ७४ दिवसांत निम्मा होतो. जुना एक्स्पोजर टाइम डोळे मिटून वापराल तर फिल्म फिकी येईल आणि तुम्हाला शॉट परत घ्यावा लागेल.

दोरी आणि लाल दिवा म्हणजे कॉर्डन पूर्ण नाही. दोरीपाशी माणूस लागतो. रात्रपाळीचे कामगार कँटीनला जायला जवळची वाट शोधतात, त्यांना दोरी वाकवता येते.

कॅमेरा लोकलने, एसटीने, रिक्षाने न्यायचा नाही. घाई असली तरी नाही, एकच स्टेशन असलं तरी नाही.

सहा महिन्यांत सर्टिफिकेट घेऊन गल्फला जायचंय म्हणणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात. जा, जरूर जा, पैसे चांगले आहेत. पण आधी महिनाभर माझ्याबरोबर नुसता मीटर धरा. क्रँकला हात नंतर. याच अटीवर निम्मी परत जातात, आणि जी राहतात त्यांच्यावर मी रात्रीची साइट निर्धास्त सोपवतो.

तळोज्याच्या त्या रात्रीनंतर प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय. वर माझा नंबर, खाली एईआरबीचा, पोलीस ठाण्याचा, सोर्स पुरवणाऱ्यांचा. त्याखाली मोठ्या अक्षरांत तीनच ओळी: मागे या. कॉर्डन वाढवा. फोन करा. दर सहा महिन्यांनी मी ते सगळे नंबर स्वतः लावून बघतो, आणि बदललेला नंबर असेल तर कागद त्याच दिवशी नवा छापून घेतो.