चिमणी असूनही ठसका: जुन्या स्वयंपाकघरातली दुरुस्ती

कडप्प्याचा ओटा, चुन्यात बांधलेली दीड फुटी भिंत. चिमणी लावली तरी फोडणीचा ठसका घरभर. दोष मोटरचा नव्हता, पाइपाचा होता: चिमणीचं तोंड 6 इंची, भिंतीतलं जुनं भोक 4 इंची, वर दोन बाक. हातोड्याने विटा हलतात, म्हणून कोअर कटरने (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने) भोक साडेसहा इंची केलं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेर किंचित उतार दिला. बाक एकच ठेवला आणि घडीचा लवचिक पाइप पूर्ण ताणला. चुण्या राहिल्या की तेल तिथेच साचतं. चिमणी टांगायला चुन्यात ठोकलेले साधे फास्टनर (भिंतीत रुतणारे बोल्ट) सैल होतात, भुगा गळत राहतो. त्यामुळे आरपार बोल्ट, मागे लोखंडी पट्टी. शेगडीपासून उंची 70 सेंमी. लांबची एक खिडकी मात्र फटभर उघडी हवीच, नाहीतर चिमणी हवा ओढणार कुठून?